चपलांच्या कपाटावरची डबी

तिसऱ्या आठवड्यात वायफायची ती पांढरी डबी चपलांच्या कपाटावर येऊन बसली. त्यापुढे तिला सरकवायला जागाच उरली नव्हती. हातभर अंतरावर मुख्य डबी होती आणि तिच्या पलीकडे घराचे दार. मूळची ही डबी जिन्याच्या वळणावरची. तिथून ती आधी सहा पायऱ्या उतरली, मग जिन्याच्या तळाशी एका स्टुलावर राहिली, मग बैठकीच्या खोलीच्या उंबऱ्याशी आली. प्रत्येक मुक्कामाला थोरलीला असे सांगण्यात आले की आता सगळे सुरळीत होईल, आणि प्रत्येक मुक्कामानंतर वरच्या खोलीतले इंटरनेट आधीपेक्षा अशक्त होत गेले.

"आता हिला दाराबाहेर बसवायची का?" धाकटीने विचारले. ती कपाटासमोर बुटक्या स्टुलावर बसली होती. गुडघे हनुवटीपर्यंत आले होते आणि चष्मा नाकाच्या टोकावर होता.

"तोंड कमी चालव आणि डबीच्या दिव्याकडे लक्ष दे," थोरली जिन्यावरून म्हणाली.

दुपारचा एक वाजून गेला होता. चार वाजेपर्यंत थोरलीला एक फोन करायचा होता, आणि त्या फोनवर काय सांगायचे ते या डब्यांवर अवलंबून होते.

घरात माणसे या दोघी बहिणीच. धाकटीचा जन्म बालवाडीत शिकवण्यात गेला होता, आणि वयाची साठी उलटली तरी थोरली तिला चिमणीच म्हणत असे. थोरलीने छत्तीस वर्षे न्यायालयात लघुलेखिका म्हणून काढली होती. साक्षीदार रडो, वकील ओरडो, न्यायाधीश पुटपुटो, तिच्या वहीत शब्द जसाच्या तसा उतरायचा. या कामाचा तिला ताठा होता आणि तो लपवण्याची तिला कधी गरज वाटली नाही. निवृत्तीनंतर तिने त्याच जातीचे एक काम हाती घेतले होते. ज्यांना ऐकू येत नाही अशा विद्यार्थ्यांच्या वर्गातले बोलणे घरी बसून ऐकायचे आणि त्याच क्षणी टंकायचे, म्हणजे तिकडे त्यांच्या पडद्यावर ते वाचायला मिळते. गेली दोन वर्षे ती एकाच मुलीसाठी हे करत होती. मुलगी कायदा शिकत होती. लहानपणीच्या तापात तिचे ऐकणे गेले होते; बोलायची मात्र खणखणीत.

दहा दिवसांपूर्वी भर वर्गात जोडणी तुटली. पुन्हा जुळेपर्यंत चाळीस सेकंदे गेली आणि तेवढ्यात प्राध्यापकांनी आधीचा प्रश्न सोडून दुसराच विचारला होता. मुलीने आपल्या पडद्यावर दिसत होता त्या जुन्या प्रश्नाचे उत्तर उभे राहून दिले, चांगले सविस्तर, आणि वर्ग हसला. ते हसणे थोरलीच्या कानांत पोहोचले तेव्हा जोडणी नेमकी ठणठणीत होती. खोलीत जो आवाज होईल तोही कळवायचा असा या कामाचा नियम आहे. थोरलीने नियम पाळला आणि कंसात 'हशा' असे टंकले. त्या दिवसानंतर तिला धड जेवण गेले नव्हते.

त्यानंतर आणखी दोनदा तसेच झाले. काम देणाऱ्या संस्थेच्या समन्वयक बाईंना थोरलीने कळवले की दोष इंटरनेट कंपनीचा आहे. बाई सौम्य होत्या, पण ठाम होत्या. मुलीची अखेरची तोंडी परीक्षा उद्या सकाळी दहाला होती. तीन परीक्षक, तासाभराचे प्रश्न. मुलीने थोरलीलाच मागून घेतले होते, कारण दुसरे लेखनिक सारांश लिहितात आणि कायद्यात सारांशाने घात होतो.

"तुमच्या जोडीला एक राखीव लेखनिक देते," बाई म्हणाल्या होत्या. "तुमची लाइन गेली तर तो पुढे चालवेल."

"छत्तीस वर्षांत माझ्या शेजारी कुणी राखीव बसलेला नाही," थोरलीने उत्तर दिले होते.

"मग उद्या चारपर्यंत मला सांगा की लाइन पक्की आहे. नाही तर मी परीक्षा दुसऱ्या कुणाला देते. माझाही नाइलाज आहे."

तो 'उद्या' म्हणजे आज.

डब्या बसवल्या होत्या थोरलीच्या मुलाने. तो दुसऱ्या गावी दंतवैद्य होता. दीड महिन्यापूर्वी दोन दिवसांसाठी आला तेव्हा आईच्या वरच्या खोलीत इंटरनेट पोहोचत नाही म्हणून त्याने तीन सारख्या डब्यांचा संच आणला. कंपनीची तार जिथे घरात शिरते तिथे दाराशी पहिली, जिन्याच्या वळणावर दुसरी, आणि थोरलीच्या कामाच्या खोलीत दाराआड फळीवर तिसरी. एकीने दुसरीला हाक द्यायची आणि दुसरीने तिसरीला, अशी ती साखळी. फोनवरच्या अॅपमध्ये त्याने त्यांना नावे दिली होती, दार, जिना आणि अभ्यासिका, आणि तो आपल्या गावी बसून त्या अॅपमधून त्यांची नाडी पाहत असे.

आताही थोरलीच्या हातातल्या फोनमधून त्याचा आवाज येत होता, मास्कआडून येतो तसा दबका.

"आई, 'जिना' अजून अशक्तच दाखवतंय. दोन रेघा. मला कळत नाही. मुख्य डबीच्या उरावर आणून बसवलीय ना तुम्ही?"

"उरावरच. यापुढे चपलांत घालावी लागेल."

"आणि 'अभ्यासिका' मात्र पाचच्या पाच रेघा. लांबची ती तगडी आणि जवळची ती मरतुकडी. विचित्र आहे. पण असतं असं कधी कधी. बरं, मी इथून 'जिना' बंद करून परत चालू करतो. मावशी, दिवा तांबडा होऊन लुकलुकेल, मग पांढरा होईल. नीट बघ हं."

"बघतेय रे बाबा. तुझी मावशी आता दुसरं करते काय?"

थोरली जिना चढून वर गेली. वीस पायऱ्या. आज सकाळपासून ती सातव्यांदा चढत होती आणि उजवा गुडघा प्रत्येक पायरीला वेगळे उत्तर देत होता. खोलीत येऊन ती टेबलाशी बसली, दाराकडे पाठ आणि पडद्याकडे तोंड, जशी रोज बसायची तशी. वही उघडून पेन्सिल हातात घेतली. समोर कुणी बोलत असताना न लिहिता नुसते ऐकणे तिला उभ्या जन्मात जमले नव्हते, त्यामुळे या तीन आठवड्यांतली प्रत्येक खटपट, मुलाचे प्रत्येक फर्मान आणि धाकटीचे प्रत्येक उत्तर लघुलिपीत त्या वहीत उतरले होते.

"केलं," मुलगा फोनमधून म्हणाला.

पडद्यावरची जोडणी लगेच तुटली.

"माझं गेलं," थोरली म्हणाली. "चिमणे, दिवा?"

"तसाच आहे, ताई. हललासुद्धा नाही," खालून आवाज आला.

"नीट बघ. माझं इथं गेलंय."

"नीटच बघतेय. पांढरा आहे. पांढराच होता."

"चष्मा पूस आधी. त्याशिवाय का माझं गेलं?"

मिनिटभराने जोडणी परत आली, लंगडत आली, आणि मुलाने सुस्कारा टाकला.

"आई, डबीच बिघडलेली दिसते. नवी मागवायला चार दिवस लागतील."

"मला चार दिवस नाहीत. मला तीन तास आहेत."

"मग मी काय करू सांग. इथं पेशंट तोंड उघडून बसलाय, त्याचा जबडा अवघडलाय. अडीचला करतो फोन."

फोन बंद झाला. थोरलीने डोळे मिटले. एवढी शिणली होती की रागवायलाही अंगात बळ नव्हते. कंपनीचा माणूस गेल्या आठवड्यात येऊन दारापर्यंतची तार तपासून गेला होता आणि 'आमच्याकडून सगळं व्यवस्थित आहे' असे सहीनिशी लिहून देऊन गेला होता. त्याच्यावर तिचा विश्वास बसला नव्हता. आता समन्वयक बाईंना फोन करायचाच आहे तर निदान मुद्देसूद करावा, कंपनीच्या चुकांचा तारीखवार पाढा वाचावा, म्हणजे काम गेले तरी मान राहील, असे ठरवून तिने वहीची पहिली पाने उलटली.

न्यायालयात अशी वेळ रोज यायची. वकिलांची जुंपली की न्यायाधीश हात वर करून म्हणायचे, मागचे वाचून दाखवा, आणि ती उभी राहून वाचायची. आवाजात ना राग ना लोभ. जे बोलले गेले तेवढेच. आताही ती सवयीने मोठ्याने वाचू लागली, रिकाम्या खोलीत, सपाट आवाजात.

पहिली नोंद मंगळवारची. दोन मिनिटे जोडणी नाही, रस्त्यात खोदकाम. हा दोष कंपनीचा खरा. त्याच संध्याकाळी मुलगा: 'जिना अशक्त दाखवतंय, मुख्य डबीच्या जवळ आणा.' डबी सहा पायऱ्या खाली. गुरुवार. मुलगा: 'जिना बंद करून चालू करतो.' धाकटी: 'दिवा तसाच आहे.' स्वतः थोरली: 'तू भलतीकडे बघत असशील.' डबी स्टुलावर. सोमवार. मुलगा: 'परत बंद-चालू करतो, नाही तर अजून जवळ आणा.' धाकटी: 'ताई, दिवा हलला नाही, खरंच.' स्वतः थोरली: 'तुला काही सांगण्यात अर्थ नाही.'

आणि आजचे, अजून शिसे चमकत असलेले: 'तसाच आहे, ताई. हललासुद्धा नाही.'

ती थांबली. मागे गेली. तिन्ही जागा पुन्हा वाचल्या.

एकाच साक्षीदाराने तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या जागी, न डगमगता एकच गोष्ट सांगितली होती. तिन्ही वेळा तिला झापले गेले होते आणि तरीही चौथ्या दिवशी विचारले असते तर तिने तेच सांगितले असते. अशा साक्षीदाराबद्दल तिचे जुने न्यायाधीश काय म्हणाले असते हे थोरलीला नेमके ठाऊक होते. आपण मात्र त्या साक्षीदाराला चष्मा पुसायला लावला.

मग ती खरे बोलत होती असे धरून चालू. मुलाने 'जिना' बंद केली. जिन्यावरून आलेल्या डबीचा दिवा हलला नाही. इकडे वरची जोडणी मात्र तुटली. म्हणजे बंद काहीतरी झाले होते. ते चपलांच्या कपाटावर नव्हते.

थोरलीने खुर्ची वळवली. दाराआडच्या फळीवर तिसरी डबी शांतपणे पांढरा दिवा लावून बसली होती. तीन आठवड्यांत तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नव्हते, कारण तिची नाडी उत्तम असल्याचा दाखला रोज दंतवैद्यांकडून मिळत होता.

ती पुन्हा खाली उतरली. धाकटी तिथेच बसून होती. तिला ऊठ म्हणून कुणी सांगितले नव्हते.

"चिमणे, मी विचारते तेवढंच सांग. तू या डब्या पुसल्या होत्यास?"

"एकदाच पुसल्या, एरवी दिव्याच्या भीतीनं हात लावत नव्हते. त्या शनिवारी."

या घरात शनिवारी वरच्या मजल्यावरची प्रत्येक सुटी वस्तू खाली जेवणाच्या टेबलावर आणून पुसली जात असे. हा थोरलीचा दंडक. वस्तू जागच्या जागी पुसली की ती पुसली जात नाही, धूळ फक्त शेजारी राहायला जाते, असे तिचे म्हणणे होते.

"कुठला शनिवार?"

"तुझं ते बंद पडायला लागलं त्याच्या आधीचा. मी म्हणाले होते, दिवा लागलेली वस्तू आहे, राहू दे. तू म्हणालीस, धुळीला दिवा दिसत नाही."

थोरलीला ते वाक्य आठवले. वहीत नव्हते, पण तिचेच होते.

"दोन्ही टेबलावर आणल्यास?"

"जिन्यातली आणि तुझ्या खोलीतली. ओल्या फडक्यानं नाही हं, कोरड्या."

"आणि परत ठेवताना कुठली कुठे हे कसं ठरवलंस?"

"त्यात ठरवायचं काय? एक वर, एक जिन्यात. सख्ख्या बहिणीसुद्धा इतक्या सारख्या नसतात."

"डब्यांच्या बुडाला त्यानं नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या."

"होत्या ना. तो गेल्या गेल्या तूच सोलून काढायला लावल्यास. घर आहे, औषधांचं दुकान नव्हे, म्हणालीस." धाकटीने मान वर केली. "का ग? मी काही तोडलं का?"

थोरली जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली. ती पायऱ्यांवर बसणाऱ्यांपैकी नव्हती.

"तू काही तोडलं नाहीस. पण दिवा हलत नाही हे तू तीनदा सांगितलंस. चौथ्यांदा माझ्या अंगावर ओरडून का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, खरंच हलत असेल," धाकटी म्हणाली. "तुझं वर बंद पडतंय म्हणजे इथं काहीतरी होत असणारच. मला वाटलं माझीच नजर गेली. परवाची डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवलीय मी. तुला सांगणारच होते, पण तू आधीच वैतागलेली."

थोरलीने पुढे वाकून तिचा चष्मा नाकावर नीट सरकवला.

"ती वेळ रद्द कर," ती म्हणाली. "तुझी नजर या घरात सगळ्यात चांगली आहे."

अडीचला फोन वाजला. या खेपेला थोरलीने आज्ञा उलट्या दिशेने केली. मुलाने 'जिना' बंद करायची आणि तिने वरच्या फळीकडे तोंड करून बसायचे. त्याने "केलं" म्हणताच तिच्या खोलीतल्या डबीचा दिवा तांबडा झाला आणि लुकलुकू लागला.

"ही तुझी 'जिना' माझ्या खोलीत आहे," ती म्हणाली. "आणि तुझी पाच रेघांची 'अभ्यासिका' चपलांवर बसलीय."

पलीकडे यंत्राचे घरघरणे थांबले.

"म्हणजे वरची अशक्त होती कारण ती खरोखर लांब होती," मुलगा सावकाश म्हणाला. "आणि मी तिला बळ यावं म्हणून मधलीलाच तिच्यापासून आणखी लांब न्यायला लावत होतो."

"तीन आठवडे."

"पहिल्या दिवशी काहीच बिघडलं नव्हतं, आई. रस्त्याचं खोदकाम होतं फक्त. बाकीचं सगळं मी केलं. मी भलताच दात कोरत बसलो होतो."

"आणि चांगला दात हलवून हलवून दाराशी आणलास."

"पण दाताला नंबर असतो. मी नावं चिकटवून गेलो होतो. चिठ्ठ्या गेल्या कुठे?"

धाकटी फोनजवळच उभी होती. तिने छताकडे पाहिले.

"त्या मी काढायला लावल्या," थोरली म्हणाली. "पुढचं बोल."

पुढचे सोपे होते. अदलाबदल करायचीही गरज नव्हती. मुलाने आपल्या अॅपमध्ये दोन नावे उलटी केली आणि चपलांच्या कपाटावरची डबी पुन्हा वळणावर नेऊन ठेवायला सांगितले. धाकटीने ती उचलली, दहा पायऱ्या चढली आणि जिथे धुळीत तिचा चौकोन उमटून राहिला होता तिथे बरोबर बसवली. वरच्या खोलीत रेघा चारवर गेल्या आणि तिथेच राहिल्या.

मग चाचणी. मुलाने आपल्या दवाखान्यातला फोन टेबलावर उघडा ठेवला आणि थोरलीने वर बसून तिथले सगळे बोलणे टंकले: अक्कलदाढेबद्दलच्या तक्रारी, कुणाची चूळ, कुणाचे 'दुखणार तर नाही ना', आणि दर वेळी मुलाचे 'अजिबात नाही'. तासभरात एक अक्षर गळले नाही. तरी तिच्या मनाला स्वस्थता आली नाही. पावणेचारला तिने हेडफोन उतरवले तेव्हा बोटांच्या पेरांत ठणका होता, आणि समोर तो फोन होता.

'पक्की आहे' हे दोन शब्द सकाळी मिळाले असते तर तिने ते हिसकावून घेतले असते. आता ते तोंडातून निघेनात. उभ्या आयुष्यात तिने लोकांना शपथेवर बोलताना पाहिले होते, आणि ज्याला जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगणारे किती थोडे, हेही पाहिले होते.

"लाइन तासभर चालली," तिने समन्वयक बाईंना सांगितले. "आधी दोष काय होता तेही सापडलं. पण उद्या चालेलच हे मी तासाभराच्या जोरावर कसं सांगू? त्या मुलीचं वर्ष आहे."

"मग दुसऱ्या कुणाला देऊ?"

"नाही. मीच लिहीन. तुम्ही म्हणत होतात तो राखीव लेखनिक जोडीला द्या."

"तुम्ही नको म्हणाला होतात."

"म्हणाले होते. आता हवा म्हणतेय. आणि तुम्हाला कंपनीबद्दल जे सांगितलं ते चूक होतं. बिघाड घरातला होता."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि आवाजावरून वाटले की त्या हसल्या असाव्यात, पण थोरलीने ते मनाला लावून घेतले नाही. मनाला लावून घ्यायलाही शक्ती लागते.

दुसऱ्या दिवशी दहाला पाच मिनिटे कमी असताना ती टेबलाशी बसली. पडद्याच्या कोपऱ्यात राखीव लेखनिकाची खूण होती, हिरवा ठिपका आणि खाली 'तयार' हा शब्द. धाकटी न सांगता जिन्याच्या वळणावर खुर्ची टाकून बसली होती. तिथे तिचे काही काम नव्हते, आणि तिला तिथून ऊठ म्हणण्याचे थोरलीच्या मनात आले नाही.

पहिला परीक्षक संथ होता. दुसऱ्या बाई प्रश्नातच उत्तराचा अर्धा भाग सांगून टाकत. तिसरा मात्र शब्दांची टोके गिळणारा, कलमांचे आकडे पुटपुटणारा, मधेच खोकणारा. असे बोलणारे एक न्यायाधीश थोरलीने नऊ वर्षे सोसले होते. ती ऐकत होती आणि बोटे चालत होती. मुलगी वाचत होती, क्षणभर थांबत होती आणि खणखणीत उत्तर देत होती. एका प्रश्नात परीक्षकाने आधी एक कलम सांगितले, मग 'नव्हे' म्हणून दुसरे. थोरलीने दोन्ही लिहिले, मधल्या 'नव्हे'सकट. मुलीने पहिल्या कलमाचे नावसुद्धा न काढता दुसऱ्यावर बोट ठेवले. सारांश लिहिणाऱ्याकडून तो 'नव्हे' सुटला असता. साडेदहाच्या सुमारास पडदा अर्ध्या श्वासापुरता थबकला, किंवा थोरलीला तसे वाटले. पण अक्षरे पुढे जात राहिली. हिरवा ठिपका कोपऱ्यात होता तसा होता. त्याला शेवटपर्यंत एकही शब्द लिहावा लागला नाही.

अकरा वाजून दहा मिनिटांनी पहिला परीक्षक म्हणाला, "पुरे. निकाल रीतसर कळेलच, पण बाहेर जाऊन घरी चांगली बातमी कळवायला हरकत नाही." थोरलीने तेही टंकले. मुलीने ते वाचले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. परीक्षक गेले, हिरवा ठिपका गेला. मुलगी मात्र जोडणी बंद न करता बसून राहिली.

"मॅडम, आहात ना?"

आता लिहायला दुसऱ्या कुणाचे बोलणे उरले नव्हते. दोन वर्षांत थोरलीने त्या पडद्यावर स्वतःचा एक शब्दही लिहिला नव्हता. आता ती टंकू लागली.

'आहे. एक सांगायचे आहे. त्या दिवशी तुमचा प्रश्न गेला तो कंपनीमुळे नाही. घरातल्या डब्यांची अदलाबदल झाली होती, आणि ती ज्या हुकमांमुळे झाली ते माझे होते. तुम्हाला हसणे सोसावे लागले ते माझ्यामुळे.'

मुलीने वाचले. परत वाचले.

"कंपनीची काहीच चूक नव्हती?"

'एका मंगळवारी दोन मिनिटे. बाकी नाही.'

"अरे देवा," मुलगी हळूच म्हणाली. "मॅडम, समन्वयक बाईंनी दोष कंपनीचा सांगितला म्हणून मी कंपनीवर तक्रार दाखल केलीय. ग्राहक मंचाकडे. अकरा पानी, कलमांसकट. इतकी चांगली झालीय की आमच्या सरांनी वर्गात वाचून दाखवली."

थोरलीने कपाळाला हात लावला. जिन्यावर धाकटीच्या खुर्चीचा आवाज झाला; ती उठून दारापर्यंत आली होती आणि आत यावे की नाही ते ठरवत होती. थोरलीने तिला मानेनेच आत बोलावले आणि शेजारच्या स्टुलाकडे बोट दाखवले.

'मागे घ्यावी लागेल,' तिने टंकले. 'कारण सविस्तर द्यावे लागेल. माझे म्हणणे मी सही करून देते, माझ्या बहिणीचीही साक्ष जोडू. मसुदा मी टंकून देईन.'

"आत्ता?" मुलीने विचारले.

थोरलीने आपल्या बोटांकडे पाहिले. ती टेबलावर पसरली होती, एकेक वेगळे, जणू कुणा दुसऱ्याची.

'उद्या,' तिने लिहिले. 'आज बोटांतून एवढाच शब्द निघतोय.'